मायनं न उचललेला भंडारा

खंडोबाच्या देवळासमोर सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर पितळी ताट. ताटात बेलाची पानं, वर मूठभर भंडारा. सुदामतात्या खांबाला टेकून बसले होते. शाळेच्या समितीचे ते अध्यक्ष. कानानं अधू, त्यामुळं त्यांच्यासमोर सगळं गाव ओरडूनच बोलायचं.

"एकेकानं या," तात्या म्हणाले. "उचला, बोला आन् बाजूला व्हा. पोलिसाचं काम नाही ह्याच्यात. गावातली गोष्ट गावात मिटली पाहिजे."

गोष्ट तांदळाची होती. शाळेत पोरांना दुपारी खिचडी मिळायची. तिच्यासाठी सरकारातून तांदळाचे कट्टे यायचे आणि शाळेमागच्या खोलीत पडायचे. वरून साहेब आले, त्यांनी कट्टे मोजले, तर कागदावर होते त्याच्या निम्मेसुद्धा भरले नाहीत. खोलीला किल्ल्या दोन. एक मुख्याध्यापक खेत्रे सरांकडं आणि एक माझ्या मायकडं, कारण स्वयंपाकाची मुख्य बाई ती. तिच्या हाताखाली आणखी तिघी.

आधी खेत्रे सर उठले. चपला काढल्या, गाभाऱ्याकडं तोंड करून हात जोडले, बेल-भंडार उचलून कपाळाला लावला. "खंडेरायाची आण. तांदळाच्या एका दाण्याला मी हात लावलेला नाही. खोटं बोलत असेन तर माझं वाटोळं होवो." आवाज एकदम स्वच्छ. पंधरा ऑगस्टला भाषण करायचे तसा. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश.

शिपायानं उचललं. हाताखालच्या तिघींनी उचललं. त्यातल्या एकीचा हात एवढा थरथरत होता की अर्धा भंडारा सतरंजीवर सांडला. तात्या म्हणाले, "आगं, देवाचा हाये, भ्यायचं काय त्यात."

"आता कौतिकबाई."

माय उठली. पदर डोक्यावर घेतला, ताटापाशी आली, आणि उभीच राहिली.

"मी नाही उचलणार."

तात्यांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणती?"

"नाही उचलणार म्हणती," कुणीतरी त्यांच्या कानात ओरडलं, आणि देवळापुढं बसलेल्या बायाबापड्यांत कुजबूज सुरू झाली.

मी पाराच्या कडेला बसलो होतो. तेव्हा मी जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रोज जाऊन-येऊन हमाली करायचो. रविवारी मोंढा बंद, म्हणून दिवसा गावात होतो. एकोणीस वर्षांचा होतो, अंगात रग होती आणि डोक्यात काही नव्हतं. माय असं काही करील हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या आळापुढं तरी ती वाकेल.

मायनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. बाप दारू पिऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी. काळ्या वस्त्रातले एक बाबा गावात आले होते, त्यांच्याकडून. तेव्हापासून आमच्या घरात एक परमेश्वर उरला. बाकीच्या देवतांना नमस्कार नाही, त्यांचा नैवेद्य खायचा नाही, त्यांना नवस बोलायचा नाही. जत्रेत गावभर मटण शिजायचं आणि मी घरी वरण-भाकरी खायचो. दोस्त म्हणायचे, "गोइंद्या, तुझी माय देवाशीबी भांडती व्हय रं?" लग्नाच्या पंगतीत देवीचा नैवेद्य मिसळलेला असेल तर माय मला हाताला धरून उठवायची. मी रडायचो. ती घरी आणून मला गरम भाकरी करून द्यायची, वर तुपाची धार, आणि स्वतः उपाशी झोपायची. का, तर पंगतीतून उठलेल्या पोराच्या वाट्याला जास्त यावं म्हणून.

"कौतिकबाई," खेत्रे सर फार गोड बोलले, "अहो, मी उचललं, ह्या साऱ्यांनी उचललं. तुमच्या मनात काही नाही, तर भिता कशाला?"

"मी भीत नाही सर."

"मग?"

"मी तांदूळ नेला नाही. हे मी अशीच सांगते. पण त्या देवाची आण घ्यायची म्हणजे त्याला माझा साक्षीदार करायचं. माझा साक्षीदार एकच हाये. दुसरा मी करणार नाही."

एक म्हातारी मागून म्हणाली, "लई शहाणी. आमचा देव हिला साक्षीलाबी चालत नाही."

"चालत नाही असं नाही काकू," माय तिच्याकडं वळून म्हणाली. "तुम्ही नांदता एका घरी, मी नांदते एका घरी. तुमच्या घरच्या माणसाचा हात मी कशी धरू?"

काही बाया हसल्या, पण हसू लगेच विझलं. बाप्यांना हे झोंबलं होतं.

मी उठलो आणि पुढं गेलो. "माय, उचल ना. हळद हाये नुसती. दोन मिनिटांचं काम हाये."

ती माझ्याकडं बघतही नव्हती.

"तुझी नोकरी जाईल. चोर म्हणतील तुला. ऐकती का?"

"ऐकती."

तात्यांना खाणाखुणा करून सगळं समजावलं गेलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तोड काढली. म्हणाले, "बाईचा पंथ आडवा येतोय, तर पोरगा उचलंल. त्याच घरचा हाये. गोइंदा, ये बाबा. मायच्या नावानं उचल, मिटवू हे."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. खोटं तर बोलायचंच नव्हतं. मायनं तांदूळ नेला नाही, हे मला माझ्या हाताच्या बोटांसारखं माहीत होतं. आमच्या घरात खिचडीचा तांदूळ शिजला असता तर मला आठवड्यातून चार रात्री पिठलं का खावं लागलं असतं?

मी ताटाकडं हात नेला.

"उचल तू," माय म्हणाली. "तुझा उपदेश झालेला नाही. तू मोकळा हायेस, मी आडवणार नाही. पण उचलायचं तर तुझ्या मनानं उचल. माझ्या नावानं उचलू नको. माझं नाव मी त्या ताटात ठेवलेलं नाही."

मी हात मागं घेतला. श्रद्धेनं नाही. रागानं. मनात म्हणालो, हिला वाचायचंच नसेल तर मरू दे. आणि गर्दीतून वाट काढत चालता झालो.

मागून तात्यांचा आवाज आला, "मग काय समजायचं आम्ही?"

काय समजायचं ते गाव समजलं.

घरी येऊन माय चुलीपुढं बसली. मी दारातून बोलायला लागलो ते थांबेना. "कोणता देव हाये तुझा, जो चार हात लांबून बघत बसतो? काय झिजलं असतं तुझं? मोंढ्यात रोज दहा खोट्या शपथा ऐकतो मी. व्यापारी पोराच्या डोक्यावर हात ठेवून वजन मारतो. त्याचं पोरगं धडधाकट हाये."

"असंल."

"तुझ्या त्या बाबांना विचार म्हणावं, पोटाला काय घालायचं."

"बाबांना कशाला विचारू? उद्यापासून खुरपायला जाईन."

"चोराला कोण लावतंय खुरपायला?"

तिनं भाकरी थापायची थांबवली. परातीतल्या पिठाकडं बघत म्हणाली, "हे मात्र खरं."

पहिल्यांदा मला तिचा आवाज बारीक वाटला. मी तिथं थांबलो नाही. जेवलोही नाही.

सोमवारी शाळेतून सांगावा आला, किल्ली परत द्या. मायनं ती पदराला पुसून दिली. मुख्य बाई म्हणून तिघींतली एक नेमली. आमच्या गल्लीतली पोरं शाळेतून येताना आमच्या दारासमोर ओरडायची, "तांदूळ दे, तांदूळ दे." ज्या पोरांना तिनं भगुण्याच्या तळाची खरपूस खिचडी खरवडून वाढली होती, त्यातलीच ती. माय आतून ऐकायची आणि उंबऱ्यापाशी येऊन म्हणायची, "जेवला का रं आज?" पोरं गांगरून पळायची. हापशावर बायका भांडं बाजूला घ्यायच्या. किराणा दुकानदार उधार देईनासा झाला. खुरपायला कुणी बोलावलं नाही. शेवटी ती दोन कोस चालत पलीकडच्या गावात वीटभट्टीवर जायला लागली. तिथं तिची कहाणी अजून पोचली नव्हती.

पहाटे उठून ती स्मरण करायची. भिंतीकडं तोंड, डोळे मिटलेले, ओठ हलत. मी अंथरुणातून बघायचो आणि मला वाटायचं, उठावं आणि हिला गदागदा हलवावं. तिचा परमेश्वर काही करत नव्हता, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एका दुपारी गयाबाई आली.

उन्हाळा होता, गल्ली ओस पडली होती. भट्टीला त्या दिवशी सुट्टी आणि मी मोंढ्यात पाठीत उसण भरली म्हणून घरी. दार ढकलून ती आत आली आणि कडी लावून घेतली. शाळेतल्या त्या तिघींतली ती एक. देवळात हात कापत होता, तीच. नवरा पुण्याकडं गेला तो परत आला नव्हता. दोन लेकरं.

"कौतिकाक्का, पाणी दे."

मायनं तांब्या दिला. ती प्याली नाही, तांब्यातलं पाणी हातावर ओतायला लागली. तेव्हा मला तिचा उजवा हात दिसला. तळवा सोलवटलेला होता, मधे मांस लाल दिसत होतं.

"हे काय गं?" मायनं तिचं मनगट धरलं.

"राखेनं घासला. विटकरीनं घासला. पिवळं जात नाही."

"पिवळं कुठं हाये?"

"मला दिसतंय ना."

माय तिला भिंतीला टेकून बसवत होती, आणि ती खालच्या आवाजात सांगत सुटली. धाकट्याला ताप आलाय. उतरत नाही. खंडेराया घेणार त्याला. मी खोटी आण घेतली. तांदूळ खेत्रे सरांनी विकला. त्यांच्या मेव्हण्याचा टेम्पो यायचा. मीच कट्टे मोजून द्यायचे, सर म्हणाले होते मोज, मोजले. मला एक पायली द्यायचे. तेवढ्यासाठी मी गप्प बसले.

"मग उचललंस कामून?" मी विचारलं.

तिला आत्ता कळलं की मी आत आहे. ती मायच्या मागं सरकली. माय म्हणाली, "बोल. घरचाच हाये."

"सर म्हणले, सगळ्यांनी उचलायचं. मी म्हणलं, मला भ्या वाटतं. तर म्हणले, येडी हायेस का, आपण उचलून मोकळं व्हायचं. ती कौतिकबाई जीव गेला तरी उचलायची नाही. तिच्यात चालत नाही. मग गाव आपोआप समजंल. म्हणूनच तर बैठक देवळात बसवायची. पोलिसात गेलं तर हजार भानगडी."

मी उभा होतो तो खाली बसलो.

बेल-भंडाराची कल्पना तात्यांची नव्हती. गावाचीही नव्हती. आमच्या पूर्ण गावात माझ्या मायच्या धर्मावर सगळ्यात पक्का विश्वास कुणाचा होता, तर त्या चोराचा. त्यानं त्या विश्वासावर सगळा डाव लावला होता, आणि मायनं त्याला खोटं पाडलं नव्हतं.

मायला धक्का बसलेला दिसला नाही. तिनं खोबरेल तेलाची बाटली आणली, गयाबाईचा हात मांडीवर घेतला आणि तळव्याला तेल लावायला लागली. हळूहळू, तान्ह्या पोराला लावतात तसं.

"लेकराला दवाखान्यात नेलं का?"

"देवाचं हाये ते, दवाखान्यात काय..."

"देवाचं नाही. तापाचं हाये. अंबडला सरकारी दवाखाना हाये, आत्ता जायचं. गोइंदा येईल संगं."

"पण आक्का, आण..."

"हे बघ. तुझ्या देवाला मी नमस्कार करत नाही, ते माझं मी बघीन. पण तुझ्या देवाला मी इतकं हलकंबी धरत नाही, की बाई चुकली म्हणून तो तिच्या लेकराच्या मागं लागंल. तू धरती का?"

गयाबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"भूल पडली तुला. पोटानं पाडली. भूल पडलेलं माणूस माघारी येतं. तू आलीस ना माझ्या दारात? मग झालं."

"गावापुढं सांगावं लागंल का मला?"

"हो," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता." मी चपला पायात घातल्या. "चल तात्यांकडं. सगळ्यांपुढं बोल, टेम्पो, मेव्हणा, सगळं बोल. मी हाये संगं."

माय उठली आणि दारात उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"बाजूला हो माय."

"कुठं नेतो तिला?"

"ज्या देवळात तुला चोर केलं, तिथं."

"आन् मग तिला चोर करतील. मी ताटाला हात लावला नाही तर एवढं झालं. हिनं लावलेला हात मागं घेतला, तर हिला उभी जाळतील. सर नाकबूल जातील. म्हणतील, कट्टे हिनंच मोजले. ते खरंबी हाये. हिची दोन लेकरं हायेत."

"आन् तू?"

"मला एक हाये. ते मोठं झालं."

"तुझं नाव गेलं माय. चोर म्हणतात तुला. पोरं दारात ओरडतात."

"मग दुसरीच्या दारात ओरडू दे म्हणतो?"

मी ओरडलो, "तुला तिथंच कळलं होतं ना? सरांचा डाव?"

"ताटापाशी ते माझ्याशी जसं गोड बोलले, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सरांनी मला ओळखलं होतं, म्हणून डाव टाकला." ती माझ्याकडं बघून म्हणाली, रागानं नाही, नुसतं विचारावं तसं, "तू मला उचल म्हणालास. एवढ्या वर्षांत तुला माहीत नव्हतं का रं, तुझी माय कशी हाये?"

चौकटीवरचे तिचे हात भट्टीवर भाजून काळे पडले होते. मी चपला काढल्या.

"जा, पोराला उचलून आण," ती म्हणाली. "पाच वाजताची गाडी धरा. आन् गोइंदा, हिचं नाव तुझ्या तोंडातून कधी येणार नाही. माझ्यापुढं बोल."

"आण घेऊ का?" मी टोमणा मारला.

"नुसतं हो म्हण. तुझं नुसतं हो मला पुरतं."

मी हो म्हणालो.

पोराला न्यूमोनिया निघाला. ते वाचलं. गयाबाई शाळेत शिजवत राहिली, आणि सरांचा टेम्पोही येत राहिला. मायनं तिला एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या वाट्याची पायली घेऊ नको, आणि पोरांच्या ताटात पाणी वाढवायला लागलं तर मला येऊन सांग, मी मोठ्यानं ओरडीन, मला आता कुणाची भीती नाही. ते तिनं केलंही, दोनदा. शाळेच्या फाटकात उभं राहून. दोन्ही वेळा तिला चोराच्या उलट्या बोंबा म्हणून हाकललं. दोन्ही वेळा नंतर आठवडाभर खिचडी घट्ट झाली.

माय मागच्या पौषात गेली. शेवटपर्यंत गावात तिची ओळख तीच होती. तिच्या मातीला गावातली चारच माणसं आली. पंथाचे एक बाबा आले होते, त्यांनी विचारलं, ही बाई गावात एवढी एकटी कशी? मी सांगितलं नाही.

मी अजून उपदेश घेतलेला नाही. पहाटे उठत नाही, मटण खातो, मायच्या परमेश्वराशी माझं अजून पटत नाही. पण आयुष्यात पाचसहा वेळा अशी वेळ आली, की एखाद्या माझ्याहून दुबळ्याला पुढं ढकलून मी माझं खरं करून दाखवू शकलो असतो. ढकललं नाही. हे माझ्यात आपोआप उगवलेलं नाही. मी मोंढ्यात वाढलो, तिथं उलटं शिकवतात. हे तिनं घातलं, भाकरीबरोबर, उपाशी राहून. मी तिला जिवंतपणी कधी म्हणालो नाही, म्हणून इथं म्हणतो. माय, तू दिलंस ते मिळालं.

गावात परवा खेत्रे सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आदर्श शिक्षक. फोटोत त्यांच्या दोन्ही बाजूंना पोरं उभी आहेत.

मायला मी हो म्हणालो होतो, ते पाळलं आहे. शाळेत शिजवणाऱ्या त्या तिघी होत्या. तिघींनी बेल-भंडार उचलला, तिघींना लेकरं होती, आणि गयाबाई हे तिघींपैकी कुणाचंच नाव नाही. ती आज आहे की नाही, तेही मी सांगणार नाही. हात थरथरला, नवरा पुण्याला गेला, पोराला न्यूमोनिया झाला, ह्यातलं काय खरं आणि काय मी तिला लपवायला घातलं, ते शोधत बसू नका.

मारुती अंबादास खेत्रे, मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, रुईझरी. हे नाव मात्र खरं आहे. हे घेऊ नको, असं माय कधीच म्हणाली नव्हती.